रुपया आमचा, वाचतो दुसराच!

आमच्या शेजारच्या म्हातारीने सुनेच्या बाळंतपणासाठी राखलेले चांदीचे रुपये दारच्या भांडीवाल्याला स्टीलच्या डब्यावर देऊन टाकले. हा दोष भोळेपणाचा नव्हे, अज्ञानाचा!

राजुरा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणून आमच्या शेतकरी-कारागिरांच्या गाडग्यांत दोन रुपये निघतात: चारमिनारी हाली आणि इंग्रजी कलदार. साधारण सात हालीचे सहा कलदार होत. जुन्या हालीत शंभरांत सुमारे ८२ भाग चांदी. कलदारात १९३९ पर्यंत बारांत अकरा भाग, १९४० पासून निम्मी, १९४७ च्या रुपयात मुळीच नाही. दलाल हे जाणतो. आम्ही जाणतो काय? हालीवरचे हिजरी सन आमच्यापैकी किती जण वाचतात?

दुसरा भामटा म्हणतो, "एका नाण्याचे लाख देतो, आधी फी भरा!" आपल्या नावाने चाललेल्या या फसवणुकीविरुद्ध खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२१ साली इशारा दिला.

बंधूंनो, भगिनींनो, नाणे घासू नका. घासल्याने मोल उतरते. सन वाचा, डोळ्यांदेखत तोलून घ्या, दोन ठिकाणी भाव विचारा. आजोबांनी घाम गाळून रुपया साठवला. नातवाने निदान तो वाचायला शिकावे!