डॉक्टरांचाही केसपेपर निघू द्या

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई
यांस,

कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव असलेल्या एखाद्या डॉक्टरला मधुमेह झाला, तर तो सहकाऱ्याकडे जातो, औषध सुरू करतो आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसतो. त्याच डॉक्टरला नैराश्याने घेरलं, किंवा रात्रीच्या दोन पेगांचे पाच झाले, तर तो बहुतेक वेळा कुणाकडेच जात नाही. झोपेची गोळी स्वतःच स्वतःला लिहून देतो. कर्वेनगरात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या वेटिंग रूममध्ये आपलाच पेशंट भेटण्याची धास्ती असते. त्याहून मोठी धास्ती असते ती ‘रजिस्ट्रेशन जाईल’ याची. ती दूर करणं कौन्सिलच्या हातात आहे, म्हणून हे पत्र कौन्सिलला.

आजार दुर्मीळ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालासाठी २५,५९० एमबीबीएस आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी माहिती दिली. आत्महत्येचे विचार आल्याचं एमबीबीएसच्या सुमारे १६ टक्के आणि पदव्युत्तरच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या पुढे जाऊ नये, आठवड्यातून एक सुट्टी मिळावी, अशा शिफारशी दलाने केल्या. असेच विद्यार्थी एमबीबीएस संपवून कौन्सिलच्या रजिस्टरवर येतात.

व्यसनाच्या बाबतीत डॉक्टरचा धोका आणखी वेगळा. भूलतज्ज्ञाच्या ट्रेमध्ये फेंटानिल रोज असतं, आणि किती मात्रेने काय होतं हे त्याला तोंडपाठ असतं. त्या माहितीतूनच ‘मला सांभाळता येईल’ हा भ्रम तयार होतो. जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉलस्टेड हे आधुनिक शस्त्रक्रियेच्या जनकांपैकी एक. भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, त्यात ते अडकले आणि नंतर मॉर्फिनच्या आहारी गेले.

पण हाच पेशा या आजारातून उठूनही उभा राहिलेला आहे. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन होते आणि स्वतः दारूच्या आहारी गेलेले होते. त्यांनी पुढची पंधरा वर्षं, मरेपर्यंत, हजारो दारुड्यांवर मोफत उपचार केले. पुण्याला तर हे वेगळं सांगायला नको. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हा पु. ल. देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथून बरी झालेली माणसंच तिथे पुढच्यांचे समुपदेशक झाली. व्यसन हा आजार आहे, हे या शहराने गेली चाळीसेक वर्षं डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग आजारी डॉक्टरला पाठीशी घालायचं का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या राज्यांचे ‘फिजिशियन हेल्थ प्रोग्रॅम’ डॉक्टरला आधी कामावरून बाजूला करतात. मग उपचार, आणि कामावर परतल्यावर साधारण पाच वर्षं अचानक घेतल्या जाणाऱ्या लघवीच्या तपासण्या, गटबैठका आणि कामाच्या जागी एक देखरेख करणारा सहकारी. अशा १६ कार्यक्रमांतल्या ९०४ डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. ज्यांचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला त्या ८०२ जणांपैकी ६३१ जण पाच वर्षांनंतर परवान्यासह काम करत होते. ८७ जणांचे परवाने रद्द झाले. म्हणजे कठोरपणाही आहे आणि परतीची वाटही.

ब्रिटनला हे उशिरा कळलं. दक्षा एमसन या लंडनमधल्या तरुण मनोविकारतज्ज्ञ. त्यांना बायपोलर आजार होता आणि करिअरच्या भीतीने त्या तो लपवत राहिल्या. २००० साली बाळंतपणानंतरच्या आजारात त्या आणि त्यांची तान्ही मुलगी दोघीही गेल्या. चौकशी झाली, आणि २००८ मध्ये डॉ. क्लेअर जेराडा यांच्या नेतृत्वाखाली फक्त डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी गोपनीय सेवा सुरू झाली. तिथे डॉक्टर स्वतः फोन करून येऊ शकतो, कुणाची चिठ्ठी लागत नाही.

कौन्सिलकडे मागणं तीन गोष्टींचं आहे. पहिली, शिस्तभंगाच्या कामापासून पूर्ण वेगळी असलेली उपचारव्यवस्था, जिच्या नोंदी चौकशी समितीपुढे जाणार नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, तो डॉक्टर-रुग्णालाही आहे. दुसरी, आपणहून उपचाराला आलेल्या आणि पेशंटला इजा न केलेल्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन केवळ आजारामुळे जाणार नाही, अशी लेखी हमी. उपचार सोडले किंवा पेशंटला धोका दिसला, तर ही हमी संपावी. तिसरी, नर्सिंग कौन्सिललाही सोबत घेणं. महर्षी कर्व्यांनी हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, उभ्या केलेल्या संस्थेत आज परिचारिका शिकतात. नाईट ड्युटी आणि औषधांच्या कपाटाची किल्ली दोन्ही त्यांच्याही वाट्याला येतात.

सुरुवातीला फार खर्चही लागणार नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी प्रत्येक डॉक्टरचा कौन्सिलशी संबंध येतोच. त्या वेळी जाणाऱ्या कागदांत ही हमी आणि एक संपर्क क्रमांक छापावा, आणि सीएमईच्या (निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या) क्रेडिट पॉइंट्समध्ये डॉक्टरांच्या स्वतःच्या मानसिक आरोग्यावरचं एक सत्र सक्तीचं करावं. या दोन गोष्टींचा ठराव कौन्सिलने पुढच्याच बैठकीत घ्यावा, ही विनंती.



कर्वेनगर, पुणे