पूररेषा नव्याने आखा

कृष्णेच्या खोऱ्याने काय दिले, याचा हिशेब आपण धरणातल्या टीएमसीत मांडतो. पण खोऱ्याचे मोठे काम धरणाच्या वरच झालेले असते. सह्याद्रीच्या रानात पडलेला पाऊस माती मुरवून घेते आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांतून, विहिरींतून सोडत राहते. दिवाळीनंतरही ओढे वाहतात ते त्यामुळे. पूर ओसरताना काठाला गाळ बसतो, आणि त्या मळीच्या रानातली वांगी कृष्णाकाठ अजून चवीने खातो.

हे सगळे पाऊस किती पडतो यापेक्षा कसा पडतो यावर अवलंबून आहे. आठवडाभराची झड जमिनीत मुरते. तेवढेच पाणी एका रात्रीत कोसळले, तर ते माती घेऊनच खाली उतरते. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळणारा पाऊस अधिक जोरदार होतो. जुलै 2021मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याआधी, 2019च्या ऑगस्टमध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले होते. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे.

शेजारच्या भीमा खोऱ्यात याची दुसरी बाजू दिसली. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. उजनी भरले नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्याला मृतसाठ्यावर दिवस काढावे लागले. 2024च्या ऑगस्टमध्ये त्याच धरणातून भीमेत विसर्ग सुरू होता.

सगळा दोष हवामानावर ढकलणे मात्र सोयीचे आहे. नदीपात्रातले भराव, ओढ्यांवरची बांधकामे आपलीच आहेत. बदलत्या पावसाने त्या चुकांची किंमत वाढवली, एवढेच.

आपल्याकडे निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर 16 वर्षांत पाहिले. जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेल्या रेषा आता पुरेशा नाहीत. शासनाने त्या ताज्या नोंदी धरून आखाव्यात आणि त्यांच्या आत एकही नवा बांधकाम परवाना देऊ नये. घाटमाथ्यावरचे जंगल राखणे हेही पाणीपुरवठ्याचेच काम मानून त्याला जलसंपदेच्या अंदाजपत्रकातून पैसा मिळाला पाहिजे.