दगडांची ओळखपरेड

जर्मनीतील डाल्हाइम येथे एका मध्ययुगीन मठाच्या दफनभूमीत पुरलेल्या स्त्रीच्या दातांवरील किटणात निळे कण सापडले. ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची, मृत्यूसमयी पंचेचाळीस ते साठ वर्षांची असावी. किटण म्हणजे दातांवरचा जिवाणूंचा थर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखा घट्ट होणे. तोंडात जे जे जाते, त्यातले थोडेफार त्यात कायमचे अडकते. लेझरचा झोत टाकून रामन वर्णपट घेतला तेव्हा ते कण लाजवर्दाचे निघाले. त्या काळी युरोपात हा मौल्यवान दगड अफगाणिस्तानातून येई. ही बाई पोथ्या रंगवीत असावी आणि कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करीत असावी, असा तर्क २०१९ मध्ये संशोधकांनी मांडला. पोथ्यांची सजावट फक्त पुरुष भिक्षूंचे काम, हा समज चिमूटभर किटणाने डळमळला.

रामन परिणामाचा शोध १९२८चा, आपल्याच देशातला. पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग किंचित बदलून परततो. हा बदल रेणूंच्या कंपनांवर ठरतो, म्हणून खनिजागणिक वेगळा असतो. दुसरी पद्धत जरा आडदांड आहे. लेझरच्या तीव्र स्पंदाने दगडाचा सूक्ष्म ठिपका जाळायचा आणि त्या ठिणगीच्या प्रकाशातून मूलद्रव्ये ओळखायची. चंद्रयान-३च्या प्रज्ञान बग्गीने २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक ओळखले ते असेच. पित्ताशयातील खडेसुद्धा याच रीतीने तपासले गेले आहेत.

पण यंत्राच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडते. यंत्र फक्त आलेख देते, ओळख देत नाही. रक्ततपासणीच्या अहवालात आकड्याशेजारी सामान्य मर्यादा छापलेली नसेल, तर त्या आकड्याचे डॉक्टर काय करणार? दगडाचेही तसेच. नवा आलेख आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांच्या आलेखांशी ताडून पाहावा लागतो.

२०१२ मध्ये मंगळावर उतरलेली क्युरिऑसिटी बग्गी सुमारे सात मीटरपर्यंतच्या अंतरावरच्या खडकावर लेझर सोडते. सुरुवातीला तिच्या आलेखांचे वाचन पृथ्वीवर तपासलेल्या सत्तरेक प्रमाणित नमुन्यांच्या आधारे होत असे. पुढे नमुने चारशेवर नेले आणि रासायनिक घटकांचे अंदाज सुधारले. मंगळावरचे यंत्र तेच राहिले. फरक पडला तो इथे प्रयोगशाळेत आणखी दगड तपासल्याने.

भारतात ही बाब अधिकच महत्त्वाची. हडप्पा संस्कृतीच्या वसाहतींत लाल अकीकाचे मणी विपुल सापडतात. मणी अकीकाचा आहे हे रामन वर्णपट चटकन सांगेल, पण तो दगड गुजरातच्या रतनपूरचा की आणखी कुठला, हे त्याला सांगता येणार नाही, कारण सगळे अकीक मुळात सिलिकाच. तिथे अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्यांचा माग काढावा लागतो. त्यासाठी उगमस्थानांचे नमुने हाताशी हवेत. संग्रहात एखादे उगमस्थानच नसेल, तर संगणक त्या मण्याला सर्वांत जवळच्या भलत्याच खाणीत ढकलून देतो, आणि तेही ठाम टक्केवारीसकट. ‘यातला कोणताच नाही’ हे उत्तर त्याला मुद्दाम शिकवावे लागते. मग चुकीच्या खाणीवरून चुकीचा व्यापारमार्ग आखला जातो आणि तो पाठ्यपुस्तकात जाऊन बसतो.

अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाने खनिजांच्या रामन आलेखांचा संग्रह सर्वांना खुला ठेवला आहे. त्याचा लाभ जरूर घ्यावा, पण आपल्या खाणी, नदीपात्रे आणि उत्खनने यांची नोंद दुसरे कोणी करून देणार नाही. कोट्यवधींच्या यंत्राला मंजुरी मिळते, उद्घाटनाचा फोटोही छापून येतो. नमुने गोळा करणाऱ्याच्या वाट्याला ते भाग्य नाही. म्हणून यंत्राच्या मंजुरीतच नमुन्यांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवायला हवी, आणि सरकारी पैशातून घेतलेले आलेख ठरावीक मुदतीत खुले करण्याची अट घालायला हवी. प्रत्येक तुकड्यासोबत जागा, थर, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. ती हरवली, तर संग्रहालयाच्या खणातला तो दगड कितीही महागड्या लेझरखाली ठेवला तरी कुठून आला ते नक्की कळणार नाही.