लाटेचें भाडें कोणास द्यावें?

फिजी देशाच्या पश्चिमेस तावारुआ नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. आकाशांतून पाहिल्यास त्याचा आकार हृदयासारखा दिसतो. फळीवर उभें राहून फुटत्या लाटेबरोबर धांवण्याचा जो खेळ ‘सर्फिंग’ या नांवानें प्रसिद्ध आहे, त्याच्या भोक्त्यांना या बेटाचें विलक्षण वेड. जवळच उघड्या समुद्रांत ‘क्लाउडब्रेक’ नांवाची लाट उठते आणि तिच्यासाठीं देशोदेशींचे लोक सुटीचे बेत आंखीत असतात.

असा बेत म्हणजे निव्वळ चैन, असें आमच्या पालकवर्गांतील पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. बेत नीट आंखावयाचा तर प्रथम भूगोलाचें पुस्तक उघडावें लागतें. ही लाट फिजीची नव्हेच. दक्षिण महासागरांत वादळें होतात, तेथें उसळलेल्या लाटा हजारों मैल प्रवास करून या खडकाशीं येतात. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर हा तिचा हंगाम. नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचें भय. शिवाय पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली कीं लाट कोसळते. म्हणजे पुरुषभर उंचीची लाट जेथें फुटते तेथें प्रवाळाचा धारदार खडक फार खालीं नसतो. ज्यास वाळूच्या किनाऱ्यावर अजून तोल सांवरतां येत नाहीं, त्यानें येथें पैसे खर्च करूं नयेत हें उत्तम.

परंतु आमचा मुख्य प्रश्न निराळा आहे. फिजीच्या रूढीप्रमाणें किनाऱ्यालगतच्या पाण्यांत व खडकांवर मासेमारीचा हक्क त्या त्या गांवच्या कुळांचा असतो. तावारुआवर १९८४ सालीं परदेशी गृहस्थांनीं रिसॉर्ट उघडलें, आणि या हक्कदारांशीं झालेल्या करारामुळें क्लाउडब्रेकची लाट पुष्कळ वर्षें त्याच्या पाहुण्यांपुरती राखली गेली. २०१० सालीं सरकारनें हुकूम काढून हा एकाधिकार मोडला व लाटा सर्वांस खुल्या केल्या. खेळाडूंना हर्ष झाला. आम्हांसही तो न्याय वाटतो, पण अर्धा. लाट कोणाची नाहीं हें खरें. मात्र तिला आकार देणारा खडक ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखला, त्यांचें काय? ‘आम्ही मासा धरीत नाहीं, मग देणें कशाचें?’ असें कोणी विचारील. होड्यांचे नांगर प्रवाळ मोडतात, यंत्रांचें तेल पाण्यांत उतरतें, आणि जेथें गलका तेथें जाळें टाकणाऱ्याची अडचण होते. हें फुकट होत नाहीं. त्याची किंमत गांव भरतो.

जातां जातां एक गोष्ट. नांदीच्या विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्यास आसपास उसाचे मळे दिसतात. १८७९ ते १९१६ या काळांत सुमारें साठ हजार हिंदी मजूर करारानें त्या देशांत नेले गेले. त्यांची दैना पाहण्यास दीनबंधु अँड्र्यूज १९१५ सालीं तेथें गेले होते. त्या मजुरांचे वंशज आज तेथें हिंदी बोलतात. समुद्राकडे धांवत सुटण्यापूर्वीं वाटेंत दोन घटका थांबून त्यांच्याशीं बोलण्यास हरकत नसावी.

आमचें मत थोडक्यांत असें कीं, खोलीचें भाडें, होडीचें भाडें, भोजन यांचा हिशेब मागतांना पाहुण्यानें रिसॉर्टला पत्रांतून आणखी एक ओळ लिहावी: या रकमेंतून खडकाच्या हक्कदार गांवास किती जातें? जेथें खरोखर कांहीं जात असेल तेथील व्यवस्थापक आंकडा आनंदानें कळवील. उत्तर न आल्यास दुसरें बेट पाहावें. फिजींत लाटांना तोटा नाहीं.