खेळ कोणाचा, यंत्र कोणाचे?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षापुरवठा थांबविला आणि अंधेरी-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हप्त्याने आलेले धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारे ठरले. त्यांतील अनेकांवर विंडोज ११ चालतच नाही. लिनक्स ही विनामूल्य, सर्वांना खुली प्रणाली त्यांवर चालू शकते. पवईच्या आयआयटीने तिचे पाठ मराठीतही करून ठेवले आहेत. तरी घरातला मुलगा नको म्हणतो. का, तर तिच्यावर खेळ चालत नाहीत!

या तक्रारीला हसण्याची खोड पुरोगाम्यांनाही आहे. ती बरी नव्हे. शिवाय ही तक्रार आता निम्मीच खरी उरली आहे. १९९३ पासून जगभरच्या प्रोग्रामरांनी ‘वाइन’ नावाचा एक दुभाषा घडविला. विंडोजसाठी लिहिलेला खेळ संगणकाला ज्या आज्ञा करतो, त्या तो लिनक्सला समजतील अशा करून देतो.

या कथेतील २००२ हे साल कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तोवर वाइनचा परवाना इतका सैल होता की कोणीही ते श्रम उचलावे, त्यांत भर घालावी आणि ती भर कुलूपबंद करून विकावी. ट्रान्सगेमिंग या कॅनडातील कंपनीने खेळांच्या बाबतीत तेच आरंभिले. तेव्हा वाइनकारांनी परवानाच बदलला. सामाईक विहिरीचे पाणी खुशाल न्या, पण विहिरीची केलेली दुरुस्ती झाकून ठेवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकन खेळविक्रेत्या कंपनीने याच वाइनवर ‘प्रोटॉन’ उभारला, तेव्हा तिलाही ही अट पाळावी लागली. भांडवलाचे हृदयपरिवर्तन झाले, असा याचा अर्थ नव्हे. मायक्रोसॉफ्टचे जोखड तिलाही नकोच होते.

मर्यादा आहेतच. ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळाचा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यात बसतो, तेथे दुभाष्याचे काही चालत नाही. फार जुन्या यंत्रांना नवे खेळ पेलणारही नाहीत.

जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. तेव्हा झगडा भागभांडवलाच्या मालकीचा होता. आज तो घरातल्या यंत्राचे आयुष्य कोणी ठरवावे याचा आहे. घाटकोपर-बोरिवलीच्या युवक कार्यकर्त्यांनी एखादा रविवार या कामाला द्यावा. संगणक भंगारात देण्याआधी शाखेत आणावयास सांगावे, आणि त्याच्यावर लिनक्स चढविण्यापूर्वी मुलाला त्याचा आवडता खेळ कोणता, हे विचारून घ्यावे.