खरे दातृत्व

धर्मसंस्थेतील अधिकार पदाने मिळतो. नेतृत्व मात्र त्यागानेच सिद्ध होते. पंडिता रमाबाईंपाशी (१८५८–१९२२) धर्मगुरूचे पद नव्हते. तरीही १८९९–१९०० च्या भीषण 'छप्पनिया' दुष्काळात आपल्या गुजरातेतील निराधार मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय दिला. केवळ अन्नवस्त्रावर न थांबता लेखन-वाचन, विणकाम, शेती व छपाई शिकवून त्यांना स्वावलंबी केले. बाईंच्या ख्रिस्ती धर्मस्वीकाराविषयी महाराष्ट्रात तीव्र मतभेद झाले व त्यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. तथापि सेवाव्रत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. विद्यार्थीमित्रहो, घेणाऱ्याचा हात सदैव पसरलेलाच राहील, असे दान अपुरे होय. तोच हात कामाला लागावा व पुढे इतरांस आधार द्यावा, हेच खरे दातृत्व.