सपोर्ट बंद झालेलं डोकं

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जुनं व्हर्जन बंद करायचं असलं की आम्ही एक मेल पाठवतो : अमुक तारखेनंतर सपोर्ट मिळणार नाही. लोक कुरकुरतात, नवं व्हर्जन घेतात, विषय संपतो. पण ते यंत्र माणसाच्या कवटीत असेल तर?

ही कल्पना नाही. सिअ‍ॅटलच्या न्यूरोव्हिस्टा कंपनीने मेलबर्नमध्ये अपस्माराच्या १५ रुग्णांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले. झटक्याचा धोका वाढला की हातातल्या उपकरणावर दिवा लागे. एका बाईंचं आयुष्यच त्यामुळे पालटलं. २०१३मध्ये चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापून आले, कंपनीचे पैसे मात्र संपले. यंत्र काढायला सांगितलं गेलं. घर गहाण टाकून ते विकत घ्यायची नवराबायकोची तयारी होती. तरी ते काढलंच. पुढे सेकंड साइट कंपनीने ‘आर्गस २’ हे कृत्रिम दृष्टीचं यंत्र गुंडाळलं, तेव्हा जगभरात साडेतीनशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांत ते होतं.

संमतीपत्रात रुग्णाला चाचणीतून कधीही बाहेर पडायचा हक्क असतो. कंपनीच बाहेर पडली तर काय, हे नैतिकता समितीने विचारायला नको? हेलसिंकी जाहीरनाम्याची २०१३ची आवृत्ती सांगत होती, की ज्यांना फायदा झाला त्यांची पुढची सोय आधीच करून ठेवावी. ‘ठेवावी’. आमच्या धंद्यात याचा अर्थ ‘वेळ उरला तर’ असा होतो.

बँकेला सॉफ्टवेअर विकताना अनेकदा सोर्स कोड तिसऱ्या पक्षाकडे ठेवावा लागतो. विकणारी कंपनी बुडाली तरी बँकेचं काम अडू नये म्हणून. बँकेच्या खातेवहीला मिळतं ते संरक्षण मेंदूला का नको? देखभालीचे आणि यंत्र काढायच्या शस्त्रक्रियेचे पैसे, कंपनीच्या देणेकऱ्यांचा हात पोचणार नाही अशा वेगळ्या खात्यात आधी जमा करा. कोड आणि आराखडे तिसऱ्याकडे ठेवा. त्याशिवाय समितीने सही करू नये.

अशा अटींनी छोट्या कंपन्या पळतील आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण ताटकळेल, असं म्हणतात. भीती खरी आहे. मग सरकारांनी सामायिक निधी उभारावा. पण आज सगळी जोखीम सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलली जाते, त्याला धाडस म्हणू नका.

जानेवारी २०२४मध्ये न्यूरालिंकने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली. या क्षेत्रात सध्या पैसा आहे. असल्या अटी पैसा असतानाच लिहून घ्यायच्या असतात.